दाभोळचं भूत: बंद चिमण्या आणि न थांबणारा हप्ता

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप नेहमीप्रमाणे इथं देतोय. बोलताना अडखळलो होतो ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच आहे.

सुरुवात एका फेरीबोटीपासून. तुम्ही कधी दापोलीहून गुहागरला गेला असाल तर दाभोळच्या जेट्टीवर गाडी बोटीत चढवली असेल. वाशिष्ठीची खाडी ओलांडून पलीकडे धोपाव्याला उतरायचं. बोट मध्यावर आली की समुद्राच्या बाजूला, अंजनवेलच्या टेकाडावर चिमण्या दिसतात. मागच्या वर्षी शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांपैकी एकानं विचारलं, "हे काय आहे रे?" दुसरा म्हणाला, "एन्रॉन." तिसरा म्हणाला, "म्हणजे?" आणि तिघंही परत मोबाईलमध्ये गेले.

त्या "म्हणजे?"चं उत्तर द्यायचं म्हणून हा भाग.

आधी एक गैरसमज काढून टाकू. दाभोळ प्रकल्प दाभोळमध्ये नाही. दाभोळ खाडीच्या अलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प पलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या बाजूला. कंपनीचं नाव दाभोळ पॉवर कंपनी, म्हणून सगळे दाभोळ म्हणतात. आमच्याकडची माणसं तर तेही म्हणत नाहीत, सरळ "एन्रॉन" म्हणतात. ती अमेरिकन कंपनी बुडून वीस वर्षं होऊन गेली, तरी एसटीच्या बसमध्ये "एन्रॉन एक द्या" ऐकू येतं.

या प्रकल्पावर राजकारणाच्या अंगानं खूप बोललं गेलंय. कोणी करार केला, कोणी मोडला, कोणी परत केला. ते येईलच. पण मला आज दुसऱ्या बाजूनं बघायचंय: पैसा. हजारो कोटींची वस्तू आधी उभी करायची आणि मग वीस वर्षं थोडे थोडे करून पैसे वसूल करायचे, या धंद्याचं गणित नेमकं कुठं फसतं?

माझ्या मामानं एक जीप घेतली होती. पतसंस्थेचं कर्ज काढून. गुहागर-चिपळूण पॅसेंजर मारायचा. मे महिन्यात चाकरमानी आले की माणसं टपावर बसायची. जून लागला की संपलं. भर पावसात तीन-चार माणसं घेऊन काय डिझेल जाळणार? गाडी पडवीच्या बाजूला ताडपत्री टाकून उभी. मी लहान होतो, विचारलं, "मामा, गाडी चालवत नाहीस तर पैसे वाचत असतील ना?" तो हसला. म्हणाला, "डिझेल वाचतं रे. हप्ता कुठं वाचतो?"

हे एवढं डोक्यात ठेवा. डिझेल वेगळं, हप्ता वेगळा.

आता घरातलं लाईटबिल काढा. नाही, खरंच काढा, ॲपवर असेल. त्यात दोन ओळी दिसतील: स्थिर आकार आणि वीज आकार. वीज आकार म्हणजे जेवढे युनिट वापरले त्याचे पैसे. स्थिर आकार म्हणजे तुम्ही महिनाभर घराला कुलूप लावून गावी गेलात तरी द्यायचे ते. मोठ्या वीज प्रकल्पाचा करारही असाच दोन भागांचा असतो. इंधनाचा खर्च वीज घेतली तर. पण प्रकल्प बांधायला काढलेलं कर्ज, त्याचं व्याज, मालकांचा नफा, हे सगळं स्थिर भागात. प्रकल्प वीज द्यायला तयार उभा असेल तर घेणाऱ्यानं ते द्यायचेच, वीज घेवो न घेवो.

यात लबाडी आहे असं लगेच म्हणू नका. विकत घेणारा एकच असेल, तर बांधणाऱ्याला ही खात्री लागतेच. विजेचा कारखाना उचलून दुसऱ्या गावाला नेता येत नाही. बँकाही कर्ज देतात ते प्रकल्पाच्या कराराकडे बघून. मालक कंपनी कितीही श्रीमंत असली तरी तिच्या इतर मालमत्तेवर बँकेला फारसा हक्क नसतो. करार म्हणजेच तारण. म्हणून करारात कोण काय झेलणार, यावर सगळं अवलंबून.

१९९१ मध्ये देशाकडे परकीय चलन जवळपास संपलं होतं, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यानंतर वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली झाली. जून १९९२ मध्ये एन्रॉनचे लोक आले आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा नाही, स्पर्धा नाही. साधारण २००० मेगावॉट, आणि पुढं इंधन म्हणून परदेशातून जहाजानं आणलेला द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी. त्या काळात भारतात एलएनजीचं एकही टर्मिनल नव्हतं.

१९९३ मध्ये जागतिक बँकेनं या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. कारण त्यांनी तेव्हाच सांगितलं: एवढी महाग वीज चोवीस तास घ्यायची म्हटली तर मंडळाला स्वतःची स्वस्त कोळशाची वीज कमी करावी लागेल. मला या इतिहासातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. आजार व्हायच्या आधी रिपोर्ट हातात होता. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतल्या अभ्यासकांनीही आकडे मांडून हेच सांगितलं होतं.

तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. त्यात जोखमा कशा वाटल्या होत्या बघा. इंधन महागलं तर? भरणार मंडळ. रुपया घसरला तर? भरणार मंडळ, कारण बराचसा हिशोब डॉलरला बांधलेला. विजेची मागणी कमी पडली तर? स्थिर आकार मंडळानंच द्यायचा. मंडळाकडे पैसे नसतील तर? राज्य सरकारची हमी. राज्य सरकारनंही नाही दिले तर? पहिल्या टप्प्यासाठी केंद्र सरकारची प्रतिहमी. एकावर एक चार छत्र्या. फक्त पाऊस सगळा एकाच माणसाच्या डोक्यावर पडणार होता, आणि तो माणूस म्हणजे आधीच तोट्यात असलेलं वीज मंडळ. चोरी, गळती, न भरलेली बिलं आणि शेतीपंपांची स्वस्त वीज, हे सगळं सांभाळत असलेलं.

१९९५ च्या निवडणुकीत प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. सरकार बदललं. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या युती सरकारनं प्रकल्प रद्द केला. तोवर बांधकाम सुरू झालं होतं. कंपनी लंडनला लवादात गेली. आणि काही महिन्यांत चर्चा सुरू होऊन करार परत जिवंत झाला. दर युनिटला २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणला, असं सांगितलं गेलं. लोकांना वाटलं, चला, जिंकलो.

इथं थोडं थांबायला हवं, कारण कर्जाच्या फेररचनेत हेच नेहमी होतं. मथळ्यात एक आकडा कमी होतो आणि आतल्या पानावर बांधिलकी वाढते. जुन्या करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होतं. नव्या करारात दुसरा टप्पाही गळ्यात आला. क्षमता वाढून २१८४ मेगावॉट झाली. म्हणजे हप्ता थोडा कमी करून घेतला, पण एका जीपऐवजी तीन जीपच्या कागदावर सही केली. केंद्राच्या प्रतिहमीवर शिक्कामोर्तब झालं ते मे १९९६ मध्ये, तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारच्या अगदी शेवटच्या घटकेला.

गुहागर तालुक्यात या काळात काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. जमिनी संपादित होत होत्या, पाण्याचा प्रश्न होता, खाडीतल्या मासेमारीची भीती होती. मोर्चे निघाले, लाठीमार झाले, बायका-पोरींना पकडून नेलं. १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं त्यावर मोठा अहवाल काढला. आमच्याकडे एक पिढी अशी आहे की जिला 'जमावबंदी' हा शब्द शाळेत नाही, दारात शिकायला मिळाला. त्यावर एक वेगळा भाग करणार आहे, दोन वाक्यांत उरकण्यासारखा विषय नाही तो.

मे १९९९. पहिला टप्पा सुरू झाला, ७४० मेगावॉट. एलएनजी टर्मिनल अजून तयार नव्हतं, म्हणून इंधन नाफ्ता. नाफ्ता कच्च्या तेलापासून निघतो. १९९९ च्या सुरुवातीला कच्चं तेल पिंपाला दहा-बारा डॉलर होतं. २००० साली तीस डॉलरच्या वर गेलं. आणि १९९३ मध्ये एकतीस-बत्तीस रुपयांना मिळणारा डॉलर २००१ पर्यंत शेहेचाळीस-सत्तेचाळीसला पोचला होता. करारानुसार दोन्ही ओझी मंडळावर.

वीज महाग झाली म्हणून मंडळानं काय केलं? कमी घ्यायला लागलं. तुम्ही-मी पण हेच केलं असतं. पण इथं मामाचा हप्ता आठवा. मी एक बनवलेलं उदाहरण देतो, खरे आकडे नाहीत, फक्त गणित कळावं म्हणून. समजा महिन्याचा स्थिर आकार ९० कोटी रुपये आहे. ५० कोटी युनिट वीज घेतली तर युनिटमागं स्थिर खर्च १ रुपया ८० पैसे पडतो. वीज महाग म्हणून २० कोटी युनिटच घेतली, तर तोच खर्च साडेचार रुपये होतो. वर इंधनाचे अडीच रुपये धरा. म्हणजे ४ रुपये ३० पैशांची वीज कमी घेतल्यामुळं ७ रुपयांची झाली. मग ती आणखी महाग म्हणून आणखी कमी घ्यायची. या भोवऱ्यात एकदा पाय अडकला की बाहेर येता येत नाही. प्रत्यक्षात २००० साली काही महिन्यांत दाभोळच्या विजेचा दर खरोखरच सात रुपयांच्या वर गेला होता. पेपरात तोच आकडा छापून यायचा आणि लोक म्हणायचे, सात रुपयांची वीज विकतात, लुटारू आहेत. वीज कितीला पडते हे ती किती घेतो यावरही ठरतं, हे फार थोड्यांनी सांगितलं. आणि मंडळाला एवढी वीज एवढ्या दरानं विकताच येत नव्हती, हेही तितकंच खरं.

पुढं घटना भराभर घडल्या. मंडळानं डिसेंबर २००० चं बिल थकवलं. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीनं थेट केंद्राची प्रतिहमी वटवायला घेतली, १०२ कोटींसाठी. मंडळ म्हणालं, २८ जानेवारीला तुम्हाला पूर्ण क्षमतेनं वीज द्यायला सांगितलं, करारात ठरलेल्या वेळेत तुम्ही पोचला नाहीत, म्हणून ४०१ कोटी दंड तुमच्याकडूनच येणं आहे. एप्रिलमध्ये माधव गोडबोले समितीचा अहवाल आला: हा भार मंडळाला पेलणारा नाही, करार बदलावा लागेल. मे २००१ च्या अखेरीस मंडळानं वीज घेणं बंद केलं आणि चिमण्या थंड झाल्या. दुसऱ्या टप्प्याचं काम तेव्हा जवळपास ९० टक्के झालं होतं. डिसेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली, ती दाभोळमुळं नाही तर स्वतःच्या हिशोबातल्या बनवाबनवीमुळं.

९० टक्के झालेला प्रकल्प. अर्धी बांधलेली चाळ निदान पडून राहते. पण कर्जावर बांधलेला कारखाना दहा टक्के अपुरा असेल तर त्याची कमाई शून्य आणि व्याज मात्र पूर्ण. त्यात कोकणातली हवा. खारा वारा, चार महिने पाऊस. आमच्याकडे खिडकीचे गज दोन वर्षांत गंजतात, तिथं परदेशातून आणलेली टर्बाइन्स उभी. ती नुसती सांभाळून ठेवायलाही खर्च.

आणि त्यात पैसे कोणाचे अडकले? परदेशी बँका होत्या, अमेरिकन सरकारी वित्तसंस्था होत्या. पण आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय, आयएफसीआय याही होत्या. यांनी स्वतः कर्जं दिली होतीच, वर परदेशी कर्जांना हमीही दिली होती. म्हणजे एन्रॉन बुडाली तेव्हा नुकसान झालं ते ह्यूस्टनपुरतं राहिलं नाही, नरिमन पॉइंटलाही पोचलं.

आता तुमच्यातला कोणी कॉमर्सवाला विचारेल, कर्जदात्यांनी प्रकल्प विकून का नाही टाकला? कारण तेव्हा आजचा दिवाळखोरी कायदा नव्हता, तो २०१६ मध्ये आला. आणि समजा विकायला काढला असता, तरी घेणारा कोण? वीज विकायचा करार वादात. गॅस नाही. मालक कंपनी अमेरिकेतल्या कोर्टात. सह्या लागणार त्या चार देशांत. लवादाचे दावे एकमेकांवर. प्रत्येकजण वाट बघत बसला की दुसरा आधी किती सोडतो. अशी चार वर्षं गेली.

त्या चार वर्षांच्या शेवटाचं मला आठवतं. २००५ चा उन्हाळा, मी आठवीत होतो. राज्यभर लोडशेडिंग. गावात रोज तासन् तास लाईट नसायची. आजी कंदिलाची काच राखेनं पुसून ठेवायची, मी पडवीत बसून गणितं सोडवायचो. सड्यावर गेलं की लांबून त्या चिमण्या दिसायच्या, अंधारात नुसत्या काळ्या आकृत्या. तेव्हा मला वाटायचं, कोणीतरी जाऊन बटण का नाही दाबत?

बटण दाबलं गेलं २००५-०६ मध्ये, आणि ते महागात पडलं. जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाची नवी सरकारी मेळातली कंपनी झाली. एनटीपीसी आणि गेल यांचा प्रत्येकी २८.३३ टक्के हिस्सा, भारतीय वित्तसंस्थांचा तेवढाच, उरलेले १५ टक्के वीज मंडळाच्या सूत्रधारी कंपनीचे. योगायोग बघा, त्याच महिनाभर आधी खुद्द वीज मंडळाचीही फोड झाली होती: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. जनरल इलेक्ट्रिकला साधारण साडेचौदा कोटी डॉलर आणि बेक्टेलला सोळा कोटी डॉलर देऊन त्यांचे दावे मिटवले. परदेशी कर्जदात्यांना सवलतीत पैसे देऊन मोकळं केलं. म्हणजे बाहेरचे सगळे काही ना काही घेऊन बाहेर पडले, आणि उरलेलं ओझं भारतीय बँका, सरकारी कंपन्या आणि शेवटी आपण, यांच्यात वाटलं गेलं. वाईट फेररचना होती का? मला तसं वाटत नाही. त्या दिवशी हातात जे होतं त्यात बहुधा हीच शक्य होती. पण तिला यश म्हणायलाही जीभ रेटत नाही.

कारण हप्ता सोपा केला तरी गाडीला डिझेल लागतंच. २००६ मध्ये प्रकल्प पुन्हा धडधडला. टर्बाइनच्या बिघाडांनी छळलं. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस २००९ पासून मिळायला लागला आणि वाटलं, आता रुळावर आलं. दोन-तीन वर्षांत त्या विहिरींचं उत्पादन कोसळलं. सरकारनं खत कारखान्यांना आधी गॅस दिला. २०१३ अखेर दाभोळची निर्मिती पुन्हा शून्य. नंतर नोव्हेंबर २०१५ पासून रेल्वेला वीज द्यायची व्यवस्था झाली, पूर्ण क्षमतेच्या पाव हिश्श्याच्या आसपास.

आणि एलएनजी टर्मिनल? ते २०१३ मध्ये सुरू झालं. पण लाटा अडवणारी समुद्रातली भिंत, ज्याला ब्रेकवॉटर म्हणतात, तीच अपुरी होती. म्हणून पावसाळ्यात जहाज लावता यायचं नाही. हजारो कोटींचं टर्मिनल जून ते सप्टेंबर ताडपत्री टाकून उभं, असं समजा. २०१८ मध्ये ते वीज प्रकल्पापासून वेगळं काढून कोकण एलएनजी नावाची स्वतंत्र कंपनी केली.

गॅस नव्हता त्या काळातलं भांडण मात्र वेगळंच रंगलं. प्रकल्प म्हणाला, देशी गॅस नाही, पण आयात केलेल्या महाग गॅसवर वीज द्यायला आम्ही तयार आहोत, तेव्हा स्थिर आकार द्या. महावितरण म्हणालं, त्या महाग गॅसला आम्ही संमतीच दिलेली नाही, पैसे कसले? केंद्रीय वीज नियामक आयोगानं प्रकल्पाच्या बाजूनं निकाल दिला. अपील न्यायाधिकरणानंही तेच म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये महावितरणचं अपील फेटाळलं गेलं.

म्हणजे बघा, १९९३ च्या करारातला प्रश्न तीस वर्षांनी, मूळ कंपनी संपल्यावर, मूळ मंडळ फुटल्यावर, मालक बदलल्यावरही तोच होता: न घेतलेल्या विजेचा हप्ता कोणी भरायचा?

मामानं जीप कधीच विकली. पतसंस्थेच्या मॅनेजरपुढं बसून त्यानं मुदत दोन वर्षांनी वाढवून घेतली होती आणि पावसाळ्याचे चार महिने फक्त व्याज भरायची परवानगी मिळवली होती. मागच्या महिन्यात हा भाग लिहिताना मी त्याला फोन करून विचारलं, शेवटी गाडीत पैसे सुटले का रे? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पतसंस्थेचे सुटले."